‘आता आणखी खंय जावचा?’

कुडाळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एका आईने हा प्रश्न विचारला तेव्हा तिच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी होती. आत औषधांच्या चिठ्ठ्या असतील असं मला वाटलं. निघाली कालनिर्णयची पानं. चार वर्षांची, सुरळी करून रबर लावलेली. तारखांच्या चौकोनात गॅस कधी लावला, दूध किती घेतलं, आणि कोपऱ्यात लाल पेनाने बारीक ‘आ’. आ म्हणजे आकडी, अपस्माराची फिट. जूनच्या एका पानावर असे ९ ‘आ’ होते.

मुलगी २४ वर्षांची. तिला इथे सायली म्हणते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. नववीत असताना पहिली फिट आली. हातपाय झाडणं क्वचितच, बहुतेक वेळा ती बोलता बोलता थांबायची, नजर एका जागी लागायची, ओठ चाळवायचे, ओढणीचं टोक बोटांनी चिवडत राहायची. दोन मिनिटांनी भानावर आली की मधलं काही आठवायचं नाही. सुरुवातीची दोन वर्षं ‘बाहेरचं आहे’ म्हणण्यात गेली. मग गावाजवळचे डॉक्टर, मग बांबोळी. सिंधुदुर्गातला माणूस दुखणं हाताबाहेर गेलं की गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जातो, तसे हेही गेले. औषधं बदलली, वाढली. आकड्या कमी झाल्या, पुन्हा वाढल्या.

आता दूरच्या खास केंद्रात जायचं का, या आईच्या एका प्रश्नात तीन काळज्या गुंतल्या होत्या. “इतक्या वर्षांच्या डॉक्टरांका काय वाटतला? पैशांचा काय? आणि थंय जावनसुद्धा काय निघाला नाय तर?”

दुखणं संधिवाताचं असो, त्वचेचं असो की मूल बोलत नाही म्हणून असो, माझ्यासमोर बसलेली माणसं याच तीन ठिकाणी अडतात. म्हणून ही हकिगत लिहिते आहे. आणखी एक कारण आहे. या आईला वर्षभरापूर्वी मीच सांगितलं होतं, ‘थोडा धीर धरा, औषधाला वेळ द्या.’ तेव्हा किती औषधं झाली आहेत हे मी विचारलंच नव्हतं. ते वर्ष त्या मुलीचं गेलं, याची रुखरुख मला आजही आहे.

धीर किती धरायचा याला अपस्माराच्या बाबतीत उत्तर आहे. योग्य निवडलेली दोन औषधं, पुरेशा डोसमध्ये, नीट घेऊनही फिट थांबत नसतील तर तो औषधांना दाद न देणारा अपस्मार मानावा, असं या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये ठरवून दिलं. त्यामागे बरीच वर्षांची निरीक्षणं होती. ग्लासगोमध्ये आधी कुठलाच उपचार न झालेले ४७० रुग्ण पाहिले गेले, ते काम २००० साली प्रसिद्ध झालं. पहिल्या औषधाने ४७ टक्के लोकांच्या फिट थांबल्या, दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांच्या. त्यापुढच्या औषधांनी, एकेकट्या किंवा जोडीने दिलेल्या, मिळून जेमतेम ४ टक्के. सायलीचं चौथं औषध चालू होतं. तिच्यासाठी अपस्माराच्या खास केंद्रात जाण्याची वेळ दुसरं औषध फसलं तेव्हाच आली होती. सगळं करून थकल्यावर जायची ती जागा नव्हे.

डॉक्टरांना काय वाटेल, हा पेच मात्र मनात धरून बसण्यासारखा नसतो. मी आईला म्हटलं, आपण दोघी जाऊन त्यांनाच विचारू. जाताना वाक्य ठरवून नेलं: “डॉक्टर, हिला दाखवायला दूर न्यावं असं वाटतंय. तुम्ही चिठ्ठी दिलीत तर तिथे नीट सांगता येईल.” डॉक्टर क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी जुनी फाइल मागवली आणि बाहेर ओपीडी खोळंबलेली असताना पाऊण तास बसून दोन पानं लिहिली. कार्बामाझेपिन कधी सुरू केलं, किती मिलिग्रॅमपर्यंत नेलं, लेव्हेटिरासिटामने चिडचिड किती वाढली, क्लोबाझाम कधी जोडलं. या दोन पानांनी पुढे खूप काम केलं. चोरून मुंबई गाठणाऱ्यांकडे नेमकी हीच पानं नसतात, मग तिथे सगळं पहिल्यापासून सुरू होतं आणि फसलेलं औषध पुन्हा लिहून मिळतं.

त्यांनी तीन नावंही सांगितली: तिरुवनंतपुरमची श्रीचित्रा संस्था, बंगळुरूचं निम्हान्स आणि मुंबईचं केईएम. घरात लगेच दोन तट पडले. वडिलांना श्रीचित्रा हवी होती, कारण ‘जायचंच तर नावाजलेल्या ठिकाणी’. आईने ग्रामदेवतेला कौल लावला, मुंबईला उजवा, म्हणजे होकार, मिळाला. मला त्यात वावगं वाटलं नाही. निर्णयाचं ओझं एकट्या बाईने वाहू नये यासाठी कोकणाने काढलेली ती वाट आहे. माझं म्हणणं वेगळ्या कारणासाठी मुंबईकडे झुकत होतं. या तपासण्यांत स्मरणशक्तीची, शब्दांची परीक्षा असते. शब्दांची यादी ऐकून परत सांगायची असते. ती आपल्या भाषेत झाली तर मुलगी जशी आहे तशी दिसते. शिवाय अशा उपचारात एका फेरीत काही संपत नाही, चार-सहा वेळा जावं लागतं. ‘सगळ्यात मोठं कोणतं’ यापेक्षा ‘पुन्हा पुन्हा कुठे जाणं जमेल’ हे आधी पाहावं.

सायलीशी मी एकटीशी बोलले. आई बाहेर जाताच ती म्हणाली, “घरात सगळे माझ्या लग्नाचाच बोलतत. माका एकट्यान एसटीन जावचा आसा.” दूर नेलं तर गावात कळेल, स्थळं येणार नाहीत, ही भीती आईला होतीच. तिला मी सांगितलं की हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा पूर्वी लग्नाला अडसर होता, तो शब्द १९९९ मध्ये काढून टाकला. तिने ऐकून घेतलं. पण पटलं ते मुलीचं एसटीचं वाक्य तिच्या कानावर घातलं तेव्हा.

पैशांपेक्षा अवघड होतं ते लालबागच्या काकांकडे राहणं. एकच खोली, चार माणसं. नात्यात ‘या की’ म्हणतात आणि तिसऱ्या आठवड्यात काकूची भांडी वाजू लागतात, त्यात काकूचाही दोष नसतो. मी वडिलांना आधी फोन करायला लावला. किती दिवस, जेवणाचं काय, रात्री फिट आली तर काय करायचं, सगळं स्पष्ट. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ पाहायचं, पाच मिनिटांवर गेली तर थेट दवाखाना. तांदूळ, सोलां, नारळ घेऊन मंडळी तुतारी एक्स्प्रेसने निघाली. औषधं दोन वेगळ्या पिशव्यांत, कारण एक हरवली आणि डोस चुकले तर फिट लागोपाठ येऊ शकतात. खालचा बर्थ, आणि जागरण नाही. मोबाइलमध्ये भावाने काढलेले फिटचे दोन व्हिडिओ.

आणि एका कागदावर तीन प्रश्न. मी कुणालाही असा कागद घेतल्याशिवाय जाऊ देत नाही. ‘बरी करा’ हा प्रश्न नाही, त्याला डॉक्टर काय उत्तर देणार? कागदावर होतं: हा अपस्मारच आहे का? मेंदूतल्या एकाच जागेतून सुरू होतो का? ती जागा काढता येण्यासारखी आहे का?

तारखा मिळायला वेळ गेला. आठवडाभर व्हिडिओ ईईजीसाठी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरी आणि फिट एकाच वेळी टिपणाऱ्या तपासणीसाठी, दाखल केलं. डोक्याला तारा चिकटवून वर पट्टी, खाटेसमोर कॅमेरा, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध कमी करत नेलेलं, म्हणजे फिट येईल आणि ती कुठून उठते ते टिपता येईल. तिसऱ्या रात्री आईचा फोन आला. “मॅडम, इतकी वर्षां देवाक सांगतंय आकडी येव नको, आणि आता म्हणतंय, ये गो बाय एकदाची.” ती रडत होती. त्या रात्री मी फक्त ऐकलं.

एमआरआय आधी ‘नॉर्मल’ आला होता. अपस्मारासाठी खास पद्धतीने, बारीक काप घेऊन पुन्हा केला तेव्हा डाव्या बाजूचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणशक्तीशी जोडलेला मेंदूचा भाग, आक्रसलेला दिसला. म्हणूनच लहानपणी तापात मोठी फिट आली होती का, असं तिथे विचारलं. दीड वर्षाची असताना एसटीतच आली होती, अर्धा तास. तोपर्यंत ते कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

‘काही निघालं नाही तर’ या भीतीबद्दल एक सांगते. माझ्याकडच्या दुसऱ्या एका तरुणाची अशीच तपासणी झाली आणि कळलं की त्याचे झटके अपस्माराचे नव्हतेच, मनावरच्या ताणातून येत होते. सहा वर्षांची औषधं हळूहळू कमी झाली आणि आमच्या बैठका सुरू झाल्या. शस्त्रक्रिया न होता परतलेला हा मुलगा रिकाम्या हाताने आला असं मला म्हणता येणार नाही.

सायलीच्या बाबतीत शस्त्रक्रिया शक्य होती. ठरवायला घरच्यांनी पाच महिने घेतले. कॅनडातल्या २००१ च्या अभ्यासाचे आकडे मी कागदावर मांडून दाखवले. अशाच प्रकारच्या ८० रुग्णांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या गटात घातलं, निम्म्यांना फक्त औषधांवर ठेवलं. वर्षाअखेरीस शुद्ध हरपणाऱ्या फिट पूर्ण थांबल्या होत्या, शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के लोकांच्या, औषधांच्या गटात ८ टक्के. म्हणजे १०० पैकी ४२ जणांच्या शस्त्रक्रियेची वाट धरूनही थांबल्या नव्हत्या, हेही त्याच कागदावर लिहिलं. डाव्या बाजूमुळे शब्द आठवायला त्रास होऊ शकतो, हे डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं. शेवटी सही तिने केली, आईवडिलांनी नाही.

शस्त्रक्रियेला आता दीड वर्ष झालं. गोळ्या चालूच आहेत. कधी एखादं नाव पटकन आठवत नाही, मग ती चिडते. गेल्या गणपतीत रात्रभर भजनं झाली, तिने जागरण केलं आणि नऊ महिन्यांनी एक फिट आली. सकाळी आईचा फोन. मी घाबरूनच उचलला.

“दीड मिनिट, मॅडम. घड्याळ बघलंय. कुशीवर घातलंय, तोंडात काय घालूक दिलंय नाय कुणाक. मुंबयक कळवलंय, गोळी चालूच ठेवा म्हणाले.” मग जरा थांबून म्हणाली, “कालनिर्णयवर ‘आ’ घातलंय. लाल पेन गावला नाय, निळ्यान घातलंय.”

मागून सायलीचा आवाज येत होता. सावंतवाडीची एसटी किती वाजता, असं ती कुणाला तरी विचारत होती.