आयोगावर वकिलाचं काम काय?

प्रश्न : मी एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेच्या ९/११ हल्ल्यांच्या चौकशी आयोगावर वकील होते, असं वाचलं. आयोग कुणाला शिक्षा देत नाही, मग वकील कशाला? आपल्याकडच्या वकिलाच्या वाट्याला असं काम येतं का?
(एक वाचक, अमळनेर)

उत्तर : शिक्षा नसली तरी कागद मिळवायचे असतात, आणि खरी झटापट तिथेच होते. २००२ च्या कायद्याने नेमलेल्या त्या आयोगावर १० सदस्य होते, दोन्ही पक्षांचे पाच-पाच. समन्स काढायचं तर अध्यक्ष-उपाध्यक्षांचं एकमत हवं, नाहीतर सहा मतं. म्हणजे समोरच्या बाकावरचा एक तरी वळवावाच लागे.

आता उलटतपास पाहा. ८ एप्रिल २००४ रोजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस यांची जाहीर साक्ष झाली. वॉटरगेट प्रकरणात सरकारी वकील राहिलेले आयोगाचे सदस्य रिचर्ड बेन-व्हेनिस्ते यांनी राष्ट्राध्यक्षांना दिलेल्या ६ ऑगस्ट २००१ च्या गुप्तवार्ता टिपणाचं शीर्षक आठवतं का, असं विचारलं. फक्त शीर्षक. टिपण तेव्हा गोपनीय होतं, त्यातला मजकूर त्यांना स्वतः वाचून दाखवता येत नव्हता. बिन लादेनने अमेरिकेत हल्ला करायचं ठरवलंय, अशा अर्थाचं ते शीर्षक राइस यांच्याच तोंडून आलं. दोन दिवसांनी टिपण खुलं झालं. जळगावच्या कोर्टात मागच्या बाकावर बसून ऐका, तऱ्हा हीच : 'का' विचारलं की साक्षीदार भाषण ठोकतो, 'काय लिहिलंय' विचारलं की जागेवर येतो.

वकील सदस्याला अडचण होते ती स्वतःच्या जुन्या कामाची. जॉर्ज मिचेल यांनी लॉ फर्म सोडायला नको म्हणून उपाध्यक्षपदच सोडलं. जेमी गोरेलिक पूर्वी न्याय खात्यात होत्या. त्या काळाच्या तपासापासून त्या दूर राहिल्या, तरी त्यांचं १९९५ चं टिपण भर सुनावणीत काढलं गेलंच. आपली सही कुठे कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी लिहून दिलेलं बरं.

आपल्याकडे १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याच्या कलम ४ ने आयोगाला साक्षीदार आणि कागद बोलावण्याचे दिवाणी कोर्टाचे अधिकार मिळतात. १९९९ च्या कारगिल युद्धाचा आढावा घेणाऱ्या समितीला तसे वैधानिक अधिकार नव्हते. जिल्ह्याच्या वकिलाकडे काम येतं ते बहुधा पक्षकाराकडून. अहवालाने ज्याच्या नावाला बट्टा लागू शकतो, त्याला कलम ८-ब खाली म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. निवेदनासोबत प्रतिज्ञापत्र आणि कागदांची यादी जोडा. कागद दुसऱ्याकडे असेल तर त्याचं नाव-पत्ता लिहा. 'गावात चर्चा होती' छापाचे परिच्छेद आधी काढून टाका, उलटतपासात तेच पहिले गळतात.

प्रश्न : आयोगापुढे बोललेलं पुढे माझ्यावरच शेकेल का?
(एक वाचक, शहादा)

उत्तर : वरच्याच १९५२ च्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे ते विधान दिवाणी वा फौजदारी कामात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. खोटी साक्ष दिली तर मात्र खटला होतो. आणि हे संरक्षण विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराला किंवा चौकशीच्या विषयापुरतंच. जाता जाता शेजाऱ्याच्या बांधाबद्दल बोलाल तर ते तुमचं तुम्ही निस्तरा.