सहीचा आदेश हातात आल्यावरच लिही

चि. शिष्येस,
अनेक आशीर्वाद.

रोज संध्याकाळी बारच्या (वकील संघाच्या) ग्रुपवर तू कोर्टाच्या घडामोडी टाकतेस, हे मला इथल्या दोघातिघांनी कौतुकाने सांगितलं. मागाहून तुझाच फोन आला, हे चालू ठेवू का म्हणून. जरूर चालू ठेव. तालुक्याच्या कोर्टात दिवसभर तारखा सांभाळणाऱ्या वकिलाला हायकोर्टात काय ठरलं ते वेळेवर कळलं, तर त्यात त्याच्या अशिलाचं भलं आहे. माझी अट एकच. सही होऊन वेबसाइटवर चढलेला आदेश तू स्वतः वाचलेला नसेल, तर त्या प्रकरणाची एक ओळही टाकायची नाही.

ही अट आत्ताच घालतोय, कारण आपल्याकडे बातमीचा वेग बदलला आहे. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचचं (मुख्य ठिकाणाबाहेर बसणाऱ्या पीठाचं) काम सुरू झालं. त्याआधी कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचा हायकोर्टाचा रस्ता मुंबईला जायचा. तिथल्या वकिलांचा निरोप यायला वेळ लागे, आणि तो येई तेव्हा बहुधा आदेशाची प्रतही सोबत असे. आता कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सकाळी प्रकरण निघतं आणि मधल्या सुट्टीत कराडच्या बाररूममध्ये त्याचा निकाल सांगून झालेला असतो. सांगणारा कोर्टहॉलच्या दारात उभा होता आणि त्याने अर्धंच ऐकलं होतं, हे कुणी विचारत नाही. या बेंचसाठी सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी चाळीस वर्षांहून जास्त काळ आंदोलन केलं, कामकाज बंद ठेवलं. तिथल्या आदेशांची बातमी आपण ऐकीव माहितीवर पसरवावी, हे मला मनापासून लागतं.

(बेंच राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली बसलं आहे. औरंगाबादला बेंच बसलं तेव्हा याच कलमावरून वाद झाला होता. १९८२ सालचा सुप्रीम कोर्टाचा नारायण शामराव पुराणिक प्रकरणातला निकाल सवडीने वाच. मुख्य न्यायमूर्तींचे अधिकार कुठवर जातात ते तिथे नीट मांडलं आहे.)

सुनावणीत न्यायमूर्ती प्रश्न विचारतात, कधी रागावतात, कधी सरकारी वकिलांची कानउघाडणी करतात. दुसऱ्या दिवशी मथळा येतो, ‘हायकोर्टाने प्रशासनाला झापले’. आदेश उघडावा तर आत दोन ओळी: उत्तर दाखल करण्यास मुदत, पुढील तारीख अमुक. मद्रास हायकोर्टाने एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेवरून निवडणूक आयोगाला सुनावताना खुनाच्या गुन्ह्याची भाषा वापरली होती. देशभर त्याची बातमी झाली. आयोग सुप्रीम कोर्टात गेला. ६ मे २०२१ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने दोन्ही बाजू सांगितल्या. तोंडी शेरे न्यायालयाच्या अभिलेखाचा भाग होत नाहीत, त्यामुळे ते काढून टाकण्याचा प्रश्नच उरत नाही. आणि सुनावणीत काय घडलं हे सांगण्यापासून माध्यमांना रोखताही येणार नाही. तेव्हा तोंडी शेरा सांगायला बंदी नाही, पण तो तोंडी होता हे त्याच वाक्यात यायला हवं. न्यायालय अवमान कायद्याचं कलम ४ कामकाजाच्या वृत्ताला संरक्षण देतं खरं, पण ते वृत्त निःपक्षपाती आणि अचूक असेल तरच.

आता आदेश कसा वाचायचा ते. पहिल्या पानावर कोरम (कोणते न्यायमूर्ती बसले होते) आणि तारीख बघ, मग थेट शेवटच्या परिच्छेदावर जा, आणि त्यानंतर पहिल्या ओळीपासून सगळा वाच. आपल्या हायकोर्टाच्या आदेशात पुष्कळदा इतकंच असतं की प्रेअर क्लॉज (याचिकेतल्या मागणीचं कलम) ‘डी’प्रमाणे अंतरिम दिलासा दिला. ‘डी’मध्ये काय मागितलं होतं हे आदेशात नसतं, त्यासाठी याचिका उघडावी लागते. गेल्या महिन्यात तू लिहिलंस, ‘जमीन संपादनाला हायकोर्टाची स्थगिती’. मी याचिका मागवून घेतली. त्या क्लॉजमध्ये फक्त ताबा घेण्यास मनाई मागितली होती. मोजणी, पंचनामा, निवाडा (भरपाईचा निर्णय) यांना कुणी हातच लावलेला नव्हता. तुझी ओळ वाचून एखादा शेतकरी मोजणीच्या नोटिशीला गैरहजर राहिला असता, तर त्याच्या झाडांची आणि विहिरीची नोंद कुणी करून घेतली असती? असं असेल तिथे ज्याने याचिका दाखल केली त्या वकिलाला फोन कर आणि क्लॉज वाचून दाखवायला सांग. नाही म्हणणारा क्वचितच भेटेल.

तसंच, रूल काढला म्हणजे याचिका दाखल करून घेतली, मान्य केली नाही. निकाली काढली म्हणजे फेटाळली असं होत नाही. नव्याने दाद मागण्याची मुभा ठेवून मागे घेतलेली याचिका तर हरलेली नसतेच, पण सामनेवाल्याचा माणूस बाररूममध्ये ती ‘उडाली’ म्हणूनच सांगेल. सुप्रीम कोर्टाने कारणं न देता एका ओळीत एसएलपी (अपिलाची विशेष परवानगी मागणारी याचिका) फेटाळली, तर हायकोर्टाच्या मतावर शिक्कामोर्तब झालं असं लिहू नकोस. २००० सालच्या कुन्हयम्मद निकालापासून हे स्पष्ट आहे.

जुनी बातमी तर मरतच नाही. २०१८ मध्ये एशियन रिसरफेसिंगच्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की खटल्याला किंवा दाव्याला दिलेली स्थगिती सहा महिन्यांनी, मुदतवाढ नसेल तर, आपोआप संपेल. २९ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे रद्द केलं, आपोआप काही संपत नाही असं सांगितलं. तरी परवा माझ्याकडे पाटणकडचे एक आजोबा आले. वाटपाच्या दाव्याला हायकोर्टाची स्थगिती आहे. पुतण्याने मोबाइलवर आलेला मजकूर दाखवून सांगितलं होतं, सहा महिने झाले, तुमची स्थगिती गेली, आता तडजोडीवर सही करा. आजोबांनी बंडीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल काढली आणि टेबलावर ठेवली. ‘साहेब, ह्या कागदाला आता काय किंमत नाही का?’ मी त्यांना घटनापीठाचा निकाल समजावून सांगितला. तो मजकूर कुठून निघाला ते शोधत गेलो, तर एका वकिलांच्याच ग्रुपवरून निघालेला होता. म्हणून जुना निकाल टाकताना तो आज उभा आहे का, हे आधी तपास.

कलमांचे आकडे लिहिताना कायद्याचं नाव सोडू नकोस. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाल्यापासून नुसतं ‘४८२’ म्हटलं की घोटाळा होतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो गुन्हा रद्द करण्याचा अर्ज होता, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तो अटकपूर्व जामीन आहे आणि रद्द करण्याचं कलम ५२८ झालं आहे. प्रत्येक बातमीखाली सोळा अक्षरी सीएनआर नंबर (प्रकरणाचा ओळख क्रमांक) टाक, म्हणजे ज्याला पडताळायचं त्याला पडताळता येईल. आपल्या खालच्या कोर्टांपुरता रोजनामा (प्रकरणात त्या दिवशी काय झालं याची कोर्टाची नोंद) बघायची सवय लाव. निशाणी ५ वर (तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर) युक्तिवाद झाला की नुसती मुदत घेतली, ते तिथे सापडतं.

स्वतःच्या केसबद्दल मात्र लिहूच नकोस. जामीन मिळाला म्हणून कोर्टाच्या पायरीवर फोटो आणि खाली चेंबरचं नाव, असं हल्ली बरेच जण करतात. बार कौन्सिलच्या नियम ३६ मध्ये आपण चालवत असलेल्या प्रकरणाच्या संदर्भात वर्तमानपत्रात मजकूर पुरवायला आणि फोटो द्यायला स्पष्ट मनाई आहे. शिवाय अशिलाने विश्वासाने सांगितलेलं नकळत लेखणीतून निसटतं.

शेवटचा मुद्दा सगळ्यात तातडीचा. गेल्या बुधवारी तू पोक्सोच्या (बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) प्रकरणातल्या जामिनाची बातमी टाकलीस. मुलीचं नाव नाही, पण गाव आहे, शाळा आहे, वडील काय करतात तेही आहे. त्या गावात तसं घर एकच असणार. पोक्सोच्या कलम २३ मध्ये ओळख पटेल असा कोणताही तपशील छापायला मनाई आहे, नाव वगळलं म्हणून सुटका होत नाही. निपुण सक्सेना प्रकरणात २०१८ साली सुप्रीम कोर्टाने हेच बजावलं. ती मुलगी अजून त्याच शाळेत जात असेल. आज रात्रीच तो मजकूर काढ, आणि ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांना एकेकाला फोन करून काढायला लाव. तुला कुणी उलट बोललं, तर माझं नाव सांग आणि माझ्याशी बोलायला सांग.

तुझा,
सर