प्रोसिडिंग बुक वाचायला शीक

विश्रामबाग, सांगली

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या बाबांचा फोन आला होता. "सर, एम.ए. करून पुढं काय?" म्हटलं, आधी पोरीशी बोलतो, मग सांगतो. तुझा मेसेज वाचल्यावर कळलं की तुझंही पुरतं ठरलेलं नाही. राज्यशास्त्राचं एम.ए. करावं की पब्लिक गव्हर्नन्सचं, अशी ओढाताण, आणि दोन्हीकडून नजर राज्यसेवेवर. 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, वैकल्पिक विषय आला, तशी अभ्यासिकेतली बरीच पोरं एम.ए.च्या फॉर्मामागं लागली. "ऑप्शनलही होतंय, डिग्रीही होतीय." हा हिशेब मला पसंत नाही. परीक्षा जरूर दे, पण ही दोन वर्षं तिच्या दावणीला बांधू नकोस.

कोर्सच्या नावाला फार भुलू नकोस. प्रबंध आहे का, क्षेत्रभेटी आहेत का, सार्वजनिक वित्तावर धड एक पेपर आहे का, एवढं बघ. ते असेल तर कोल्हापूरला जाऊन येऊन केलंस तरी चालेल.

या दोन विषयांतला फरक आपल्या पुरातच बघ. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा तू शाळेत असशील. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची किती असावी, हे दोन राज्यांमधलं राजकारण. कोयना धरणातून किती पाणी सोडलं हा निरोप नदीकाठच्या तलाठ्याला किती वाजता मिळाला आणि बोट कुणाच्या ताब्यात होती, हा कारभार. नुसता कारभार शिकलेली माणसं सगळ्याला ‘समन्वयाचा अभाव’ म्हणून मोकळी होतात. नुसतं राजकारण शिकलेल्यांना सगळीकडं डाव दिसतो. तू ज्या बाजूनं शिरशील तिथून शीर, पण दुसऱ्या बाजूचे दोन पेपर तरी घे.

आता माझी एक फजिती सांगतो. मी एम.ए.ला पंचायत राजवर प्रबंध लिहिला. बलवंतराय मेहता समिती, वसंतराव नाईक समिती, 1962 च्या 1 मेला सुरू झालेल्या जिल्हा परिषदा, सगळं जागच्या जागी. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "ग्रामसभा किती पाहिल्या?" एकही नाही. त्यांनी मार्क दिले, पण वर मान काही करवेना.

नंतर मी गावोगावची प्रोसिडिंग बुकं, म्हणजे सभेचं इतिवृत्त लिहायच्या वह्या, वाचायला लागलो. वाळव्याकडच्या एका गावातलं एक पान अजून डोळ्यासमोर आहे. वर तारीख, खाली ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. तहकूब सभेला मात्र ती अट नाही. पुढच्याच पानावर तहकूब सभा, आणि तिच्यात नऊ ठराव ‘सर्वानुमते मंजूर’. सूचक दोघेच, आलटून पालटून. शेवटी सह्या. बायकांचे अंगठे एकाखाली एक, सरळ रेषेत, सगळ्यांची शाई सारखीच. वही घरोघर फिरली होती, हे शिपायानं चहा पिताना सहज सांगितलं. त्या दोन पानांनी मला सहभाग या शब्दाबद्दल जे शिकवलं, ते वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून सिद्धान्त सोड असं मात्र नाही. मूळ मजकूर वाचायची सवय लाव. पंचायतींची 73 वी घटनादुरुस्ती सगळ्यांना पाठ असते. 29 विषय, अकरावी अनुसूची. पण कलम 243 ख आणि 243 छ शेजारी ठेवून वाच. पंचायती स्थापन करायच्या म्हणताना इंग्रजीत ‘शॅल’ आहे. त्यांना अधिकार द्यायचे म्हणताना ‘मे’. पंचायत असलीच पाहिजे. तिच्या हाती काय द्यायचं, ते राज्याच्या मर्जीवर. ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या टेबलावर पंधराव्या वित्त आयोगाचा (2021-26) पैसा आला तोही ‘बंधित’ आणि ‘अबंधित’ असा विभागून, त्यातला 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच. गावाला रस्ता हवा असला तरी. हे ‘मे’पासून टेबलापर्यंतचं अंतर मोजता आलं की तुझं एम.ए. झालं असं मी समजेन.

प्रबंधाला विषय सुचवू? 2022 च्या मार्चमध्ये आपल्या जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होता. घटना पाच वर्षं म्हणते. त्या काळात स्थायी समितीचे आणि सर्वसाधारण सभेचे निर्णय कुणी, कसे घेतले? आधीच्या दोन वर्षांची इतिवृत्तं आणि नंतरच्या दोन वर्षांचे प्रशासकीय ठराव समोरासमोर लाव. सदस्य असताना जे प्रश्न विचारले जायचे, ते पुढं कुणी विचारले का बघ. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, 30 दिवसांची मुदत. पहिल्या अर्जाला गोलमोल उत्तर येईल, तेव्हा अपील कर. ते अपीलही प्रबंधात घाल.

तुझं आजोळ आटपाडीचं ना? ती औंध संस्थानात होती. 1939 मध्ये तिथल्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, स्वतःचे अधिकार सोडून तळाशी ग्रामपंचायती असलेली राज्यघटना दिली, गांधीजींच्या सल्ल्यानं. वर्गात लोकशाहीची सुरुवात ग्रीसपासून होईल. होऊ दे. आजीला मात्र विचार, त्या काळचं काही कुणाकडून ऐकलंय का.

बाबांना मी रविवारी भेटतो. तू 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेची नोटीस फळ्यावर लागली की फोटो पाठव, आणि सभेला जाताना वही घेऊन जा. मोबाइल बाहेर काढलास तर कुणी तोंड उघडणार नाही.

तुझा,
सर

ता.क. किती जण आले ते मोजताना ओट्यावर बसलेले वेगळे मोज.