आडनाव पाटील, मग धर्म कोणता?

प्रश्न : आम्ही सांगलीजवळचे, शेती करणारे दिगंबर जैन, जात चतुर्थ. 2011 ला जनगणनेवाले गुरुजी आले, आडनाव पाटील ऐकलं आणि धर्म न विचारताच पुढं गेले, आईनं नंतर फॉर्ममध्ये डोकावलं तर हिंदू! या वेळी काय करायचं?

उत्तर : तुमच्यासारखी घरं आपल्याकडं गावोगाव आहेत हो, पाटील, चौगुले, मगदूम, आडनावावरनं काय कळणार? 2011 ला देशात जैन 44 लाख 51 हजार भरले, त्यातले 14 लाख महाराष्ट्रात, पण असे सुटलेले किती ते कोण मोजणार. धर्म प्रत्येक माणसाचा वेगळा विचारायचा आणि सांगाल तेच लिहायचं, असा नियमच आहे, अंदाजानं नाही. तेव्हा फेब्रुवारी 2027 मध्ये माणसं मोजायला येतील तेव्हा घरात जो असेल त्यानं, म्हातारी असो की सूनबाई, धर्म ‘जैन’ असं स्पष्ट सांगायचं. या वेळी जातही विचारणारेत, तिथं चतुर्थ सांगा, धर्माच्या जागी नको, नाहीतर परत घोळ. आणि चहा देताना लिहिलेलं एकदा वाचून दाखवा म्हणायचं, त्यात लाजायचं काय?