गाडीला कापडी सरकतं सनरूफ घरच्या घरी बसवता येईल का?

येईल, पण आधी छताच्या आतलं अस्तर उतरवून खाली काय आहे ते बघा. पत्र्याखाली आडव्या पट्ट्या असतात. त्यांतली मुख्य पट्टी कापावी लागत असेल, तर हा विचार सोडा. गाडी उलटली तर छत दबू नये यासाठी तिचाही आधार असतो. कडेला पडदा एअरबॅग (धडकेत छताच्या कडेतून खिडक्यांवर उघडणाऱ्या) असतील तरीही हे काम घरी करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या, साध्या गाडीत मात्र हे जमण्यासारखं आहे. बॅटरीची तार काढा, सनरूफच्या तयार किटसोबतचा साचा छताच्या मध्यरेषेवर चिकटवा आणि मापं दोनदा तपासा. आजूबाजूच्या रंगावर मास्किंग टेप लावा. कोपऱ्यांत गोल भोकं पाडून जिगसॉला (वर-खाली चालणाऱ्या पात्याच्या विजेच्या करवतीला) धातू कापायचं बारीक दात्यांचं पातं लावून कापा. कोपरा काटकोनात कापला तर पुढे तिथूनच पत्रा चिरतो.

यानंतरचा भाग बहुतेक जण उरकून टाकतात. कापलेली कड कानशीने गुळगुळीत करून तिला गंजरोधक प्रायमर द्या, तो पूर्ण वाळू द्या. लोखंडाचा कीस व्हॅक्यूमने टिपून घ्या. रंगावर राहिलेला एकेक कण ओल लागताच तांबूस डाग पाडतो. मग सीलंट (फट बुजवणारा चिकट लेप) लावा, त्यावर सनरूफची चौकट बसवा आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. एकच बाजू आधी घट्ट केली की चौकट पिळते आणि कापड अडकत सरकतं.

अस्तर परत लावण्याआधी पाइपने भरपूर पाणी मारून गळती तपासा. आणि हो, छत कापण्याआधीच विमा कंपनीला आणि नोंदणी कार्यालयाला विचारून घ्या.