पाकटाचा काटा: विसर्जनाआधी येणारे तेच तेच प्रश्न

गणपती जवळ आले की पाकटाबद्दल (शेपटीवर विषारी काटा असलेला चपटा मासा, इंग्रजीत स्टिंगरे) तेच प्रश्न फिरून फिरून येतात, आणि त्याच्याबरोबर व्हॉट्सअ‍ॅपवरचे तेच घरगुती उपायपण, म्हणून यंदा आधीच एकत्र उत्तरं देऊन टाकतो. मी माशांचा माणूस आहे, डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न: पाकट चावतो का? (दादर)

नाही. शेपटीवरचा काटा मारतो, तोही तुम्ही त्याच्या अंगावर पाय दिलात तर.

प्रश्न: एवढा समुद्र पडलाय, मग हे मासे चौपाटीच्या गुडघाभर पाण्यात कशाला येतात? (गिरगाव)

कारण त्यांचं घरच तळाला आहे हो. वाळू किंवा चिखल असलेला उथळ, गढूळ किनारा आणि त्यात कोलंबी, खेकडे, किडे, म्हणजे जेवायची सोय. पाकट पंख हलवून अंगावर वाळू ओढून घेतो आणि वर फक्त डोळे आणि डोळ्यांमागची दोन भोकं ठेवतो, तोंड आणि कल्ले खालच्या बाजूला दबलेले असतात ना, म्हणून श्वासाचं पाणी तो या वरच्या भोकांतून आत घेतो. खाताना भक्ष्य त्याला दिसतही नाही, तोंडाभोवतीच्या बारीक छिद्रांतून समोरच्या जिवाच्या अंगातली किंचितशी वीज त्याला कळते. म्हणजे पाण्यात उभं राहून तुम्ही कितीही खाली बघा, तो दिसणार नाही. 2013 च्या विसर्जनात गिरगाव चौपाटीवर कितीतरी जणांच्या पायांत काटे गेले ते यामुळेच. पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत घासत पुढे सरका, चाहूल लागली की तो स्वतःच पळतो. गमबूट घाला, पण काटा बुटातूनही जाऊ शकतो, म्हणून जीवरक्षक जिथे थांबवतील तिथे थांबा, मूर्ती त्यांच्या हातात द्या.

प्रश्न: काटा लागल्यावर हळद भरावी की बर्फ लावावा? आमच्याकडे वर दोरी बांधतात. (उरण)

तिन्ही नको! दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कोणीतरी पाय बर्फात घालून घरी बसतं, रात्री पाय सुजून लाल झाला की मग हॉस्पिटल आठवतं. जरा समजून घ्या. काट्याच्या दोन्ही कडांना करवतीसारखे मागे वळलेले दात असतात, त्यामुळे तो आत जातो सहज पण बाहेर येताना मांस फाडतो, वर त्याच्यावरचं पातळ आवरण जखमेत फाटतं आणि त्यातलं विष आत सुटतं. हे विष प्रथिनांचं आहे आणि उष्णतेने निकामी होतं, म्हणून उपाय गरम पाणी. जवळच्या चहावाल्याकडून घ्या, पण उकळतं नको, साधारण 45 अंशांपर्यंत, आणि ते दुसऱ्या कोणाच्या तरी हाताने तपासून घ्या कारण कळ लागलेल्या पायाला भाजलेलं कळत नाही. पाय 30 ते 90 मिनिटं त्यात ठेवायचा, थंड झालं की बदलायचं. रक्त वाहत असेल तर आधी स्वच्छ कपड्याने दाबून धरा, थांबत नसेल तर गरम पाण्याचा नाद सोडा आणि थेट कॅज्युअल्टी गाठा. काटा छातीत, पोटात किंवा मानेत असेल तर हात लावू नका, तसाच ठेवून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात टीव्हीवरचा प्राणीवाला स्टीव्ह अर्विन गेला तो छातीत काटा घुसून.

आणि दुखणं थांबलं म्हणजे झालं असं नाही. तुकडा आत राहिलाय का ते एक्स-रेत बघायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, हे सगळं डॉक्टर ठरवतील, तुमचे काका नाही. त्याच दिवशी जा.

प्रश्न: ऑनलाइन 'सी स्टिंग' स्प्रे मिळतो, घेऊन ठेवू का? (ठाणे)

पैसे वाचवा. असले स्प्रे बहुतेक जेलीफिशसाठी असतात, विकणारा मात्र लेबलवर समुद्रातलं सगळंच छापतो. व्हिनेगरचंही तेच. खोल जखमेवर वरून फवारून आतल्या विषाला काय होणार? थर्मासमध्ये गरम पाणी न्या.

प्रश्न: बाजारातल्या पाकटाला अमोनियासारखा वास येतो, केमिकल मारतात का? (पनवेल)

पाकट आणि मुशीच्या (शार्कच्या) अंगात मुळातच युरिया असतो, खाऱ्या पाण्यात तगायला तो लागतो, आणि मासा मेल्यावर जंतू त्याचा अमोनिया करतात. म्हणजे वास जितका उग्र तितका मासा शिळा किंवा नीट बर्फात न ठेवलेला. "पाकट असाच वासतो, कोकम लावा, जाईल" असं कोणी म्हटलं की पुढच्या टोपलीकडे वळा. खाऊन पोट बिघडलं तर डॉक्टरकडे.

प्रश्न: बाळंतिणीला पाकट दिला की दूध वाढतं ना? (अलिबाग)

पुरावा नाही. उलट अशा माशांत पारा साठू शकतो, तेव्हा सासूबाईंना नाही, डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: पाकट अंडी कधी घालतो? (मालवण)

घालत नाही, पिल्लं देतो. आईच्या पोटात ती आधी बलकावर आणि मग गर्भाशयात पाझरणाऱ्या दुधासारख्या रसावर वाढतात, एका वेळी मोजकीच. जन्मताना पिल्लाच्या काट्यावर मऊ आवरण असतं, आईला इजा होत नाही. बोंबलासारखी हजारोंनी अंडी नसल्यामुळे ट्रॉलरच्या जाळ्यात पोटुशी मादी आली की पुढची भरपाई फार हळू होते, आणि ती कापून पिल्लं वेगळी विकायला ठेवलेली मी बघितलीत. घेऊ नका.

प्रश्न: किनाऱ्यावर छोटा पाकट सापडला तर घरच्या टँकमध्ये ठेवू का? (पुणे)

नाही. दुकानात दिसतात ते दक्षिण अमेरिकेच्या नद्यांमधले, गोड्या पाण्यातले, आणि काटा त्यांनाही असतोच. किनाऱ्यावर जिवंत दिसला तर हात न लावता जीवरक्षकाला किंवा मत्स्य विभागाच्या ऑफिसात कळवा.