इलेक्ट्रॉन ऋणप्रभारी, केंद्रक धनप्रभारी. मग इलेक्ट्रॉन केंद्रकात जाऊन का पडत नाही?

"ग्रहासारखा फिरतो म्हणून पडत नाही" असं कुणीतरी तुम्हाला सांगेलच. सोडून द्या. गोल फिरणारा प्रभार प्रारणाच्या, म्हणजे प्रकाशासारख्या लहरींच्या, रूपात ऊर्जा गमावत जातो. त्या हिशोबाने हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आत केंद्रकावर आदळायला हवा. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरने १९१३ मध्ये ठरावीक कक्षांत ऊर्जा जात नाही असं सरळ गृहीत धरलं. का जात नाही, हे त्यालाही सांगता आलेलं नव्हतं.

कक्षेत फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या त्या चित्रावर माझा जुना राग आहे. मुलगी शाळेत असताना परीक्षेत हायड्रोजनचा अणू काढायचा होता. तिने मध्ये प्रोटॉन काढला आणि भोवती ठिपके, आत दाट, बाहेर विरळ; ठिपके जिथे दाट, तिथे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जास्त. मीच शिकवलं होतं. त्यावर लाल शेरा: 'कक्षा कुठे आहे?' पालकसभेला उत्तरपत्रिका घेऊनच गेलो. बाई म्हणाल्या, "नमुना उत्तरात वर्तुळ आहे." मी विचारलं, हायड्रोजनच्या सर्वांत खालच्या पातळीत इलेक्ट्रॉनचा कक्षीय कोनीय संवेग (केंद्रकाभोवती फिरण्याचं माप) शून्य असतो, मग तो वर्तुळात फिरतो कसा? मागचे पालक चुळबुळ करायला लागले. "मग बोर्डाला लिहा," म्हणाल्या, आणि पुढचं नाव पुकारलं. घरी हा विषय निघाला की बायको अजून म्हणते, काढलं असतं एक वर्तुळ तर काय बिघडलं असतं? हेच बिघडलं असतं की पुढे तिलाही तुमचाच प्रश्न पडला असता, आणि त्या वर्तुळात उत्तर नाही.

उत्तर असं: इलेक्ट्रॉनला जितक्या लहान जागेत कोंडाल तितकी त्याची गतिज ऊर्जा वाढते. केंद्रक आत ओढतं, ही वाढ आत जाऊ देत नाही. दोन्ही मिळून ऊर्जा जिथे सर्वांत कमी, तिथे अणूचा आकार ठरतो, केंद्रकाच्या दहा हजार पटींहूनही मोठा. बाकी गणित भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरच्या १९२६ च्या समीकरणात आहे.

संयुजा (अणू किती बंध करू शकतो ते) मोजायला वर्तुळं सोयीची, हे मान्य. तुम्ही कुणाला शिकवत असाल तर तेवढ्यापुरतीच काढा, आणि ठिपके काढणाऱ्याचे गुण कापू नका.

आणि हो, 'पडत नाही' हेही सगळीकडे खरं नाही. पोटॅशियम-४० (पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार) चं केंद्रक कधीकधी आतला इलेक्ट्रॉन गिळतं, प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि अरगॉन तयार होतो. खडकांचं वय त्यावरून काढतात. साध्या हायड्रोजनमध्ये हे होत नाही, कारण एकट्या न्यूट्रॉनचं वस्तुमान प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनच्या बेरजेहून जास्त आहे, आणि ती तूट भरायला लागणारी ऊर्जा तिथे नसते.